न फिटणारं देणं

प्राण्यावर जीवापाड माया करणारा माणूस त्याला जन्मभर कोंडून ठेवू शकतो का? आणि ठेवलं, तर त्या मायेला काय म्हणायचं?

हा प्रश्न माझ्या माहेरचा आहे. आम्ही तासगावचे. सांगलीकडच्याच अंकलखोपच्या विष्णुपंत छत्र्यांनी 1880 साली पहिली भारतीय सर्कस उभी केली आणि पुढे म्हैसाळच्या देवलांसारख्यांच्या कितीतरी सर्कशी आमच्या मुलखातून निघाल्या. माझे आजोबा अशाच एका सर्कशीत सिंहांची देखभाल करायचे. मुक्काम हलला की पिंजऱ्याशेजारीच अंथरूण टाकायचे. एकदा सिंहीण आजारी पडली म्हणून त्यांनी आषाढीची वारी सोडली, आणि आमच्या घरात वारी चुकणं ही साधी गोष्ट नव्हती. रामेश्वराला न्यायचं गंगाजल एकनाथांनी तहानेनं तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात ओतलं, ती गोष्ट सांगताना आजोबांचा गळा दाटून यायचा. रोज संध्याकाळी खेळाला त्याच आजोबांच्या हातात चाबूक असायचा.

यंदा मे महिन्यात मुलांना घेऊन आम्ही गाडीनं बंगळुरूला गेलो. वाटेत बेळगाव, धारवाड, मुलांच्या हट्टाखातर चित्रदुर्गाचा किल्ला. पण मला ओढ होती ती बन्नेरघट्ट्याची. शहराच्या दक्षिणेला राष्ट्रीय उद्यानाला लागून असलेलं हे प्राणिसंग्रहालय लोकांना सफारीमुळे आणि 2006 साली सुरू झालेल्या फुलपाखरू उद्यानामुळे माहीत आहे. सर्कशीतून सोडवलेल्या वाघसिंहांना इथे आसरा मिळाला, हे मात्र फार जणांना ठाऊक नसतं.

सफारीच्या गाडीला जाळी असते. ‘बघा, इथे पिंजऱ्यात आपणच!’ असं आमच्या मागचे एक काका कौतुकानं म्हणाले. मला ते मुळीच पटलं नाही. आपण थोड्या वेळानं खाली उतरतो आणि कणीस खायला जातो.

अस्वलांच्या भागात गाडी थांबली. एक अस्वल झाडाच्या बुंध्याशी बसून मान हलवत होतं. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, एकाच लयीत. त्याच्यापुढे ना माशी होती ना खाणं. “आई, नाचतंय बघ ते!” धाकटा ओरडला आणि गाडीतले सगळे मोबाइल त्या बाजूला वळले. बराच काळ बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या जनावराला असं डुलण्याची सवय लागते आणि दोर सुटल्यावरही ती सहजासहजी सुटत नाही. मी धाकट्याला अस्वल नाचवणाऱ्या दरवेशाची गोष्ट सांगितली. पिल्लाच्या नाकपुडीतून तापलेली सळई आरपार घालायची, त्या भोकात दोर ओवायचा, सुळे पाडायचे. दोराला हिसका बसला की दुखतं म्हणून ते मागच्या पायांवर उभं राहतं, आणि त्यालाच आपण नाच म्हणायचो. कायद्यानं हे 1972 सालीच बंद केलं होतं, पण दरवेशांच्या पोटापाण्याची दुसरी सोय होईपर्यंत ते थांबलं नाही. त्यांना नव्या धंद्यासाठी मदत मिळाली तशी अस्वलं सुटत गेली. 2009 साली राजू नावाचं शेवटचं नाचरं अस्वल इथल्याच बचाव केंद्रात आलं.

अशा जिवाला जंगलात सोडता येत नाही. सुळे गेलेले, नाकाची चाळण झालेली, रानात कसं जगायचं ते आईकडून शिकायच्या आधीच तिच्यापासून तोडलेलं. म्हणजे ज्याचं स्वातंत्र्य आपण घेतलं, त्याला ते परत द्यायची ताकदही आपल्यात उरलेली नाही. मग द्यायचं काय? आपल्या परंपरेत देव, ऋषी, पितर यांच्या ऋणाबरोबर गृहस्थाच्या पंचमहायज्ञांत भूतयज्ञही सांगितला आहे. रोजच्या अन्नातला वाटा मुक्या जिवांसाठी काढायचा. त्या वाट्याच्या बदल्यात काही मागायचं नसतं, त्या जिवानं आपल्यापुढे यावं एवढंसुद्धा नाही. धाकट्यानं विचारलं, “वाघ बाहेर आलाच नाही तर तिकिटाचे पैसे परत मिळतात?” मी म्हटलं, “नाही रे बाळा. ते त्याच्या जेवणाचे आहेत. दिसायचं की नाही ते त्याचं तो ठरवेल.” हे मी त्याची समजूत काढायला म्हटलं नाही. प्राणिसंग्रहालयात जायला मला उरलेलं एवढंच कारण खरं वाटतं.

माझ्या आत्या म्हणायच्या, पिंजऱ्यात आला हे त्या जनावराचं प्रारब्ध. मला हे कधीच मान्य झालं नाही. प्रारब्धाचा आधार माणसानं स्वतःचं दुःख सोसायला घ्यावा. दुसऱ्याच्या दाराला कुलूप घालताना घेऊ नये.

सिंहांची कथा तर आणखी अवघड. 1998 साली सरकारनं सर्कशीत वाघ, सिंह, बिबटे, अस्वलं आणि माकडं यांचे खेळ बंद केले, 2001 साली सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय कायम केला आणि सर्कशींतली जनावरं बन्नेरघट्ट्यासारख्या केंद्रांत आली. त्यांतले पुष्कळ सिंह आफ्रिकी आणि आशियाई यांच्या संकरातून झालेले. ना ते गीरचे, ना आफ्रिकेचे. म्हणून त्यांना पोसायचं, औषधपाणी करायचं, पण त्यांचा वंश वाढवायचा नाही, असं ठरलं. सिंह पिंजऱ्यात जगून जगून वीसेक वर्षं जगतो. ती पिढी आता संपली.

हे ऐकून थोरली गप्प झाली. ती सहावीत आहे, पण कुठलीही गोष्ट सहज सोडत नाही. “आधी कोंडलं,” ती म्हणाली, “आणि मग पिल्लंही होऊ दिली नाहीत. ही दया कसली?”

मला या प्रश्नाला बगल द्यायची नव्हती. सिंहिणीला पिल्लांची आस नसते असं मी म्हणणार नाही. आजोबांनी ती पाहिली होती. पण ते पिल्लू कुठे जन्मलं असतं? पिंजऱ्यात. त्याला कुठलंच रान आपलं म्हणता आलं नसतं आणि त्याचीही पिल्लं तिथेच वाढली असती. जो जन्मालाच आला नाही, त्याचं आपण काही हिरावून घेत नाही. जो आला, त्याला मात्र शेवटच्या श्वासापर्यंत सांभाळायचं. यातलं पहिलं मला बुद्धीला पटतं, दुसरं मनाला. लेकीला पहिलं पटलेलं नाही. तिनं ते माझ्या शब्दाखातर मानावं असं मला वाटत नाही.

“मग पणजोबा वाईट होते का?” तिनं विचारलं. नाही. त्यांची माया खरी होती, मी ती या डोळ्यांनी पाहिली आहे. पण ती माया त्या सिंहिणीच्या कामी आली ती पिंजऱ्याच्या आतच. दार उघडण्याइतकं बळ तिच्यात नव्हतं. आजोबांचं घर त्या सिंहिणीच्या खेळावर चाललं, माझ्या आईचं शिक्षण त्या पैशातून झालं, आणि म्हणून माझंही. बन्नेरघट्ट्यात एखाद्या प्राण्याच्या पालनपोषणाचा खर्च आपल्या नावावर घेता येतो. परत निघायच्या आधी आम्ही तिथे एका प्राण्याचा खर्च घेतला आणि पावतीवर नाव आजोबांचं घातलं.