ठेवायची की विकायची?

जुन्या वस्तूला नवे रूप देणे हा गुण की दोष, असा प्रश्न कोणी केला तर आपण बहुधा तो हसून उडवून लावू. भांडी घासावी, लाकडाला तेल द्यावे, भिंतीला चुना काढावा. यात नीती-अनीतीचा संबंध कसला? माझेही मत परवापरवापर्यंत असेच होते. ते डळमळले एका अगदी क्षुल्लक कारणाने, म्हणजे मोटारीच्या बंपरला लावलेल्या तेलाने. कारण क्षुल्लक असले तरी त्यातून निघालेला प्रश्न तसा नाही असे वाटल्यावरून तो वाचकांपुढे ठेवीत आहे.

कुंडलिका नदीने आमच्या गावाचे दोन भाग केले आहेत. एका तीरावर जुना जालना, दुसऱ्या तीरावर कादराबाद, म्हणजे नवा जालना. आमचे घर जुन्या जालन्यातील एका अरुंद गल्लीत. गाडी गल्लीत शिरत नसे, म्हणून ती ९ वर्षे गल्लीच्या तोंडाशी उघड्यावर उभी राहिली. मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या वर गेला की माणसे आत येतात, गाडी कोठे येणार? तिचे यंत्र ठीक होते, पत्र्याचा रंगही बरा होता. परंतु बंपर, आरशांची टोपणे आणि दारांखालच्या काळ्या पट्ट्या राखेसारख्या करड्या झाल्या होत्या, आणि दारांच्या रबराला चिरा पडल्या होत्या. गाडी विकण्याचे ठरले तेव्हा मी ती गाड्या धुणाऱ्या एका तरुणाकडे नेली. त्याने गाडीभोवती एक फेरी घातली, बंपरवरून बोट फिरवले आणि विचारले, "काका, गाडी ठेवायची की विकायची?"

मला प्रश्नाचा रोख कळला नाही. तेव्हा त्याने समजावून सांगितले, "ठेवायची असेल तर दोन दिवस लागतील. सगळे घासून, तेलकटपणा काढून, वाळवून मग लेप द्यावा लागतो. रबरे बदलावी लागतील. विकायची असेल तर अर्ध्या तासाचे काम. तेल फिरवून देतो. पहिल्या पावसापर्यंत काळजी नाही."

मी अर्ध्या तासाचे काम पसंत केले.

या तेलाची करामत समजून घेण्यासारखी आहे. असे बंपर पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीन जातीच्या प्लास्टिकचे असते. त्याचा काळेपणा वरून दिलेला नसतो; प्लास्टिकमध्येच बारीक काजळी मिसळलेली असते, आणि ही काजळी उन्हातील अतिनील किरण शोषून त्याचे पुष्कळसे रक्षण करते. तरीही वर्षानुवर्षांच्या उन्हाने व हवेतील प्राणवायूने पृष्ठभागावरील रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, तेथे अतिशय सूक्ष्म भेगा पडतात, आणि त्यांवर प्रकाश इतस्ततः विखुरल्यामुळे काळे ते करडे दिसू लागते. सिलिकॉनचे तेल या भेगांत भरले की हे विखुरणे कमी होते. कोरड्या काळ्या पाषाणावर पाण्याची धार धरावी आणि तो क्षणात काळाभोर दिसावा, तशातलाच हा प्रकार. पाषाण तोच असतो. पाणी वाळले की पुन्हा करडा. नीट दिलेला लेप मात्र काही काळ उन्हाचा मारा स्वतःवर घेतो. रबराची गोष्ट याहून निराळी आहे. १८३९ साली चार्ल्स गुडइयर यांना गंधक घालून रबर तापविण्याची युक्ती सापडली आणि रबर टिकाऊ झाले. परंतु अनेक जातींच्या रबरांना, ती ताणलेली असली की, हवेतील अल्पसा ओझोनही चिरा पाडतो. तेलाने त्या चिरा दिसेनाशा होतात, बुजत नाहीत.

गाडी पाहावयास एक तरुण शिक्षक आला. बरोबर पत्नी व चार-पाच वर्षांची मुलगी. त्याने काळ्याभोर बंपरवरून हात फिरवला आणि पत्नीकडे वळून समाधानाने म्हटले, "गाडी सावलीतच ठेवलेली दिसते." तो प्रश्न मला नव्हता, म्हणून उत्तर देण्याचे मला कारण नव्हते, असे मी त्या क्षणी मनाशी म्हटले, आणि आत चहा सांगितला. व्यवहार झाला.

मृगाचा पाऊस लागल्यावर एके दिवशी गांधी चमनापाशी ती गाडी दिसली. बंपरवर करडे ओघळ उतरले होते. शिक्षकाने मला पाहून गाडी थांबवली. मागच्या बैठकीवर दुमडलेले पोते पसरले होते व त्यावर मुलगी बसली होती. दारातून पाणी आत येत होते. तो हसून म्हणाला, "काका, रबरे गेलेली निघाली. जुनी गाडी म्हटल्यावर चालायचेच. तुम्ही काही खोटे बोलला नाहीत."

त्याने मला दोष दिला असता तर मी वाद घातला असता. या निर्दोषत्वाच्या दाखल्याने मात्र माझी झोप उडवली.

मनुष्य अपराधी असला की कायद्याकडे धाव घेतो, मीही घेतली. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचे १७ वे कलम म्हणते की, नुसते मौन म्हणजे कपट नव्हे. तेथील उदाहरण घोड्याचे आहे. सदोष घोडा लिलावात विकणारा त्याच्या दोषाविषयी काही बोलला नाही, तर ते कपट ठरत नाही. मला हायसे वाटले. पण त्याच कलमाखाली पुढचे एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, 'तुम्ही नाकारले नाहीत तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालेन', आणि विकणारा गप्प राहतो. येथे गप्प राहणे हे बोलण्याइतकेच होय. शिवाय जाणूनबुजून केलेली लपवणूक त्या कलमात कपटातच मोडते. मी तर मौनाच्या आधी अर्धा तास तेल फिरवून घेतले होते! माझ्या वतीने बंपर बोलले, आणि त्याची साक्ष मी खोडली नाही. रबर बोटाने दाबून पाहिले असते तर त्याला चिरा कळल्या असत्या, अशी पळवाटही मी शोधली. पण ती वाट पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर आधी तेल चोळून मग त्याला 'नीट का पाहिले नाहीस?' असे विचारणाऱ्याची होती.

हा वाद आजचा नाही. इसवी सनापूर्वी ४४ या वर्षी रोमन पंडित सिसेरो याने आपल्या कर्तव्यविषयक ग्रंथात असाच एक खटला मांडला आहे. घराचे वासे कुजलेले आहेत हे विकणाऱ्यालाच ठाऊक आहे. त्याने ते सांगावे काय? डायोजिनीस म्हणतो, घेण्याची सक्ती कोणी केली नाही, तेव्हा सांगण्याचेही बंधन नाही. अँटिपेटर म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखविण्यासारखेच, किंबहुना त्याहून वाईट, असे हे कृत्य आहे. सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे.

मग जुन्याला उजाळा देऊच नये काय? आपल्याकडचा पोळा पाहावा. श्रावणी अमावास्येला शेतकरी बैलाला धुतो, शिंगे घासतो, रंगवतो, पाठीवर झूल घालतो. म्हातारा बैलही त्या दिवशी राजबिंडा दिसतो, आणि त्यात कोणी फसत नाही. बैलाचे वय साऱ्या गावाला ठाऊक असते. तीच शिंगे तासून, तेल देऊन बैल बाजारात उभा केला की घेणारा शहाणा मनुष्य शिंगांकडे पाहत नाही, जबडा उघडून दात पाहतो. हात तेच, तेल तेच. पोळ्याच्या दिवशी ते बैलासाठी असते, बाजारच्या दिवशी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसाठी. देवलांच्या 'शारदा' नाटकातील भुजंगनाथाची थट्टा करणारे आपण कलप लावणाऱ्या प्रत्येक आजोबांवर रागावत नाही, ते याच कारणाने.

म्हणून मला एक साधी कसोटी सुचते. जी डागडुजी समोरच्याला उघडपणे सांगता येते, ती निगा होय. जी सांगताच तिचा उपयोग संपतो, ती फसवणूक होय. 'तेल लावले आहे, आत रबर चिरले आहे' एवढे दोन शब्द मी बोललो असतो तर गाडी कदाचित थोड्या कमी पैशांना गेली असती. माझ्या सचोटीची किंमत त्या थोडक्या पैशांइतकी ठरली.

पुढे मी त्या शिक्षकाच्या घरी जाऊन सारे सांगितले व नव्या रबरांचे पैसे पुढे केले. त्याने बऱ्याच संकोचाने घेतले. मी उठलो तेव्हा मुलगी दारात उभी होती. "आता आपली गाडी गळणार नाही ना?" असे तिने बापाला विचारले, आणि उत्तर देण्यापूर्वी त्याने माझ्याकडे पाहिले. पूर्वी बंपरवरून हात फिरवताना त्याने असे पाहिले नव्हते.

गाड्या धुणाऱ्या त्या तरुणाला मी दोष देत नाही. त्याने आधीच सरळ विचारले होते. त्या प्रश्नाचे उत्तर मी दिले, आणि ते देताना गाडीत पुढे कोण बसणार आहे याचा विचार मला शिवलाही नाही.