गल्लीत सोडलेली उष्णता

29 मे 2024 रोजी दिल्लीतल्या मुंगेशपूर केंद्रावर 52.9 अंश सेल्सिअस तापमान नोंदलं गेलं आणि देशभर खळबळ उडाली. हवामान खात्याने तपासणी केली तेव्हा तिथला सेन्सर सुमारे 3 अंश जास्त दाखवत असल्याचं निघालं. मग आकडा खरा की खोटा यावर भरपूर चर्चा झाली. त्या दिवशीची उष्णता कोणाच्या वाट्याला किती आली, याची चौकशी मात्र फारशी झाली नाही. तापमापीला ते सांगताही येत नाही, कारण तापमान आणि उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

नवी दिल्ली स्टेशनासमोरच्या पहाडगंजात हा फरक सहज कळतो. मेन बाजारातला उकळता चहा जीभ पोळतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी मे महिन्यात फार तर 45 अंशांपर्यंत तापत असेल, त्याने जीभ पोळत नाही. पण 1000 लिटर पाणी 25 अंशांवरून 45 वर जायला सुमारे 84,000 किलोज्यूल ऊर्जा लागते, म्हणजे विजेची 23 युनिटं. कपभर चहाला पन्नास किलोज्यूलही लागत नाहीत. तापमान म्हणजे कणांच्या धावपळीची सरासरी तीव्रता. सगळ्या कणांची मिळून जी साठवण होते ती औष्णिक ऊर्जा, आणि गरम वस्तूकडून थंड वस्तूकडे त्यातलं जे वाहत जातं ती उष्णता.

अठराव्या शतकात जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने हा भेद स्पष्ट केला. बर्फ वितळत असताना उष्णता घेतच राहतो, पण त्याचं तापमान शून्यावरून हलत नाही, हे त्याने दाखवलं. याच अप्रकट उष्म्यावरून आपण आजही एसी विकत घेतो. ‘दीड टनाचा एसी’ म्हणताना तो टन यंत्राच्या वजनाचा नसतो. सुमारे 907 किलो बर्फ चोवीस तासांत वितळायला ज्या दराने उष्णता लागते, त्या दराला एक टन म्हणतात. तो साधारण साडेतीन किलोवॅट भरतो.

म्हणजे पूर्ण जोरात चालणारा दीड टनाचा एसी खोलीतून सव्वापाच किलोवॅट उष्णता उपसतो. त्यासाठी तो दीडेक किलोवॅट वीज खातो आणि तीही शेवटी उष्णताच होते. दोन्ही मिळून जवळजवळ सात किलोवॅट बाहेर पडतात. पहाडगंजात ‘बाहेर’ म्हणजे हातभर रुंदीची गल्ली. लॉजच्या मागच्या भिंतीवर एकावर एक टांगलेली यंत्रं, त्यांच्या नळ्यांतून टपकणारं पाणी, खाली ओली झालेली फरशी आणि तिथेच हातगाडी लावून बसलेला माणूस. भर दुपारच्या उन्हात एका चौरस मीटरवर साधारण एक किलोवॅट ऊर्जा पडते. त्या हिशेबाने प्रत्येक यंत्र रात्री अकरा वाजताही सात चौरस मीटर दुपारचं ऊन गल्लीत ओतत असतं. वर दिवसभर तापलेल्या विटा आपली साठवण रात्री सोडतात ती वेगळीच. जून 2024 मधल्या एका रात्री दिल्लीच्या सफदरजंग केंद्रावर किमान तापमान 35.2 अंशांखाली उतरलं नाही. तेही मोकळ्या जागेतल्या पांढऱ्या, हवेशीर पेटीत मोजलेलं. गल्लीत अशी पेटी कोण लावतो?

कूलरचा व्यवहार त्या मानाने स्वस्तातला. लिटरभर पाण्याची वाफ होताना ते सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता ओढून घेतं, म्हणून मे महिन्याच्या कोरड्या लूमध्ये कूलर थंडगार हवा देतो. जुलैत हवाच ओलीकिच्च झाली की पाणी उडत नाही आणि कूलर नुसता पंखा उरतो. अंगावरच्या घामाचंही तेच होतं. तापमान मेपेक्षा कमी असूनही स्टेशनावरच्या हमालाचा जीव जुलैत जास्त कासावीस होतो, त्याचं कारण हेच. अंगातली उष्णता बाहेर जायला वाटच राहत नाही.

एसी वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरवण्यात अर्थ नाही. पंचेचाळीस अंशांत आजारी म्हाताऱ्याला थंड खोली हवीच. पण गारवा ‘तयार’ होतो हा समज सोडायला हवा. कोणतंही यंत्र उष्णता नाहीशी करत नाही, ते फक्त तिची जागा बदलतं आणि त्यात स्वतःची भर घालतं. कचरा शेजाऱ्याच्या दारात टाकला तर भांडण होतं. उष्णता टाकली तर होत नाही, कारण ती दिसत नाही आणि तिचा मालक ओळखू येत नाही.

म्हणून उपायांची प्रतवारी एकाच कसोटीवर करावी: हा उपाय उष्णता अडवतो, की दुसऱ्याकडे ढकलतो? गच्चीला दिलेला चुना, खिडकीवरची झडप, रस्त्याकडेचं झाड हे उष्णता आत शिरण्याआधीच तिला अडवतात. जी आत आलीच नाही, ती कोणाच्या अंगावर सोडावी लागत नाही. शहराच्या उष्णता आराखड्यांत इशाऱ्याच्या तापमानाबरोबर हाही हिशेब असायला हवा: कोणत्या गल्लीत किती किलोवॅट सोडले जातात आणि तिथे रात्री झोपतं कोण.