काल्याची शिदोरी



दोन वर्षांपूर्वी माघ महिन्यात सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावी सप्ताहाला गेलो होतो. गावाच्या चारी अंगांना शाळू उभा होता, कणसांत दाणा भरत आला होता. दुपारी पंगत बसली. पानात पनीरची भाजी, मैद्याची पुरी अन् गुलाबजाम. पनीर शहरातून आले, मैदा शहरातून आला, आचारीही शहरातलाच. माझ्यापुढे पान आले अन् मीही मुकाट्याने जेवलो.

सायंकाळी एक म्हातारी माउली भेटीस आली. फडक्यात दोन भाकरी अन् हरभऱ्याच्या पाल्याची भाजी. म्हणाली, "म्हाराज, गेल्या सुगीच्या शाळवाच्या हायेत, घरच्या रानातल्या. पंगतीला द्याव्या म्हणून आणल्या व्हत्या. पण पोरं म्हनली, आजे, सप्त्यात भाकरी वाढली तर गावाची लाज जाईल."

भाकरी मी कपाळी लावली, परंतु घास घशाखाली उतरेना. ही लाज त्या पोरांना कोणी शिकवली? यजमान विचारतो, "महाराज, जेवायला काय करू?" तेव्हा "घरात असेल ते" एवढे तीन शब्द आम्ही किती वेळा बोललो? तीस-पस्तीस वर्षे मी कीर्तन करतो. मला तरी आठवत नाही. दोष प्रथम माझा आहे.

आता नवल पाहा. ज्या भाकरीची गावाला लाज वाटते, तीच शहरात मानाने मागितली जाते. भारताच्या पुढाकाराने संयुक्त राष्ट्रसंघाने २०२३ हे साल भरडधान्यांचे वर्ष म्हणून पाळले. ज्वारी, बाजरी, नाचणी यांची नावे जगाच्या तोंडी आली. पावसाळ्यात ठिकठिकाणी रानभाज्यांचे महोत्सव भरतात. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेची पायरी चढल्या नाहीत, परंतु गावठी बियाणे त्यांनी लेकराप्रमाणे जपले. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. ऋतूचे अन् आपल्या मातीचे खावे, ही गोष्ट लोकांना पुन्हा पटू लागली आहे. ठीक झाले.

परंतु ही गोष्ट नवी मात्र नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात सहावा अध्याय याच विषयाचा आहे. थंडीत जठराग्नी प्रबळ असतो, त्याला जड व स्निग्ध अन्न द्यावे. पावसाळ्यात तो मंदावतो, तेव्हा हलके खावे, असा त्याचा आशय. आमच्या आयाबायांनी हा ग्रंथ वाचला नव्हता, पण त्यांच्या सणांत तो होता. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी अन् वांगी, गाजर, ओला हरभरा, वालाच्या शेंगा यांची मिसळीची भाजी. पाडव्याला कडुनिंबाचा पाला. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाशिवाय पिकलेली भाजी. आषाढात कांदेनवमी झाली की चातुर्मासात कांदा-वांगे बंद, ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याने वांगे पुन्हा पानात. पंचांग हेच स्वयंपाकघराचे वेळापत्रक होते.

भूमीचेही असेच. पंढरीच्या शेजारचे मंगळवेढे घ्या. तिथली काळी जमीन परतीच्या पावसाची ओल पोटात धरून ठेवते अन् त्या ओलीवर, पाटाचे पाणी नसतानाही, शाळू पिकतो. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. दुष्काळात दामाजीपंतांनी भुकेल्यांसाठी बादशहाची कोठारे उघडली, ती कथा याच मंगळवेढ्याची. अन् चोखोबांनी देह ठेवला तोही तिथेच. अरणच्या सावता महाराजांनी तर मळ्यातल्या भाजीपाल्यातच विठ्ठल पाहिला. तेव्हा आपल्या भूमीचे धान्य ही वारकऱ्याला लाजेची वस्तू कशी असेल?

आता दुसरी बाजू. हे खूळ डोक्यात गेले की माणूस सोवळ्याचा नवा अहंकार करतो. "मी परक्या मुलखाचे खात नाही" म्हणून गरीब यजमानाचे पान नाकारतो. अहो, मिरची, बटाटा, भुईमूग ही तिन्ही समुद्रापलीकडून आलेली! ज्या मातीत रुजली त्या मातीची झाली. वाळवंटात आपण वारकऱ्याची जात विचारत नाही, मग पिकाची कशाला विचारावी? विचारायचे ते एवढेच की, आज आपल्या शिवारात काय पिकते अन् आपण ते खातो का. एकादशीचा साबुदाणाच पाहा. तो बहुतेक तमिळनाडूतल्या सेलमच्या बाजूने येतो. साबुदाणा खाल्ल्याने एकादशी मोडते, असे मी म्हणत नाही. पण आपल्या डोंगरउतारावरची वरई, मळ्यातले रताळे, राजगिरा यांना फराळात मागे का ढकलावे?

छांदोग्य उपनिषदाच्या सातव्या अध्यायात आहाराच्या शुद्धीने चित्ताची शुद्धी होते, असे सांगितले आहे. आचार्यांनी तिथे आहाराचा अर्थ व्यापक घेतला : इंद्रियांनी आपण जे जे आत घेतो ते सारे आहार. हा अर्थ मनी धरला की त्या माउलीचे ओशाळे तोंडही मी त्या दिवशी डोळ्यांनी खाल्लेच की! पान कितीही सात्त्विक असो; पिकवणाऱ्याला लाज वाटत असेल किंवा त्याच्या पायलीला मोल मिळत नसेल, तर त्या अन्नाने चित्त शुद्ध कसे होणार? शहरात भाकरी महाग अन् रानात ज्वारी मातीमोल, हा काही ऋतूचा सन्मान नव्हे.

यंदा त्याच गावचे बोलावणे आले. नारळ घेण्याआधी मी अट घातली : एक पंगत तरी गावच्या शाळवाची व्हावी, धान्य शेतकऱ्याकडून बाजारापेक्षा कमी भावाने घेऊ नये, अन् भाकरी घरोघरून याव्यात. मंडळी कुचमली. "लोक नावे ठेवतील, महाराज." म्हटले, माझे नाव सांगा. अखेर पंगत झाली. भाकरी, आमटी, वांग्याची भाजी, गुळाचा खडा. काही पोरांनी नाके मुरडली, हेही खरे. पण ती माउली बुट्टी कमरेवर घेऊन स्वतः वाढत होती. माझ्यापुढे आली अन् म्हणाली, "घ्या अजून येक." मी घेतली. दोन वर्षांपूर्वीचा घास त्या दिवशी घशाखाली उतरला.

सज्जनहो, सप्ताहाची सांगता काल्याने होते. यमुनेकाठी गोपाळ जमले तेव्हा ज्याने त्याने आपापल्या घरची शिदोरी आणली. कुणाची दहीभाकरी, कुणाचे पोहे, कुणाचे लोणचे. देवाने कुणाचीही शिदोरी हलकी म्हणून बाजूला काढली नाही; साऱ्यांची एकत्र केली अन् स्वहस्ते वाटली. काला जर घरच्या शिदोरीचा, तर सप्ताहाची पंगत घरच्या भाकरीला परकी का असावी? यंदा तुमच्या गावी सप्ताह बसेल तेव्हा एवढे करा. अन् आम्हां कीर्तनकारांनी विचारण्याआधीच सांगावे, "घरात असेल ते वाढा."

रामकृष्णहरि.