रहस्य उलगडल्यानंतर

खुनाची कथा वाचून माणसाला विसावा कसा मिळतो? रात्रीची जेवणे आटोपली, घरातील सारी सुखरूप निजली, की एका परक्या माणसाच्या मृत्यूची हकिगत आम्ही आवडीने वाचतो. या आवडीत काही दोष आहे काय?

लिलियन जॅक्सन ब्राउन या अमेरिकन लेखिकेच्या कादंबऱ्या या दृष्टीने पाहण्याजोग्या आहेत. पहिली १९६६ साली निघाली. २००७ पर्यंत त्यांची संख्या २९ झाली. नायक जिम क्विलरन हा पोलीस नव्हे, वृत्तपत्राचा बातमीदार. त्याचा सोबती कोको हा सयामी बोका. कोको फळीवरचे एखादे पुस्तक खाली पाडतो, चमत्कारिक आवाजात ओरडतो, आणि क्विलरनला धागा सापडतो. रक्तपात पडद्याआड राहतो. अखेर गुन्हेगार उघडा पडतो आणि गाव पुन्हा आपल्या मेजवान्यांकडे वळते.

या लेखनाचा उगम मात्र शोकात आहे. लिलियनबाईंचे लाडके सयामी मांजर दहाव्या मजल्यावरून पडून मेले. त्या दुःखातून त्यांनी मांजराची पहिली कथा लिहिली. एका मुक्या जिवासाठी ज्यांनी लेखणी उचलली, त्यांच्याच कादंबऱ्यांत मेलेल्या माणसांसाठी फारसे कोणी रडत नाही. पुस्तक मिटल्यावर खुनी कोण ते आम्हांस आठवते. मेला कोण, ते आठवत नाही.

तरीही अशा कथांत एक चांगुलपणा आहे. तेथे कोणाचाही मृत्यू किरकोळ ठरत नाही. कोणीतरी थांबतो आणि विचारतो. परंतु रहस्य उलगडले म्हणजे सारे संपले काय? चेस्टरटन यांच्या फादर ब्राउनचा पहिला कथासंग्रह १९११ साली प्रसिद्ध झाला. हा धर्मगुरूही हौशी शोधकच. पण फ्लँबो या अट्टल चोराला नुसते ओळखून तो थांबत नाही, त्याला चोरी सोडायला लावतो. त्याच्या लेखी गुन्हेगारही हरवलेला माणूसच असतो.

म्हणून कुतूहलाला आम्ही पाप मानत नाही. ते अर्ध्या वाटेवर थांबले, तर मात्र उणे पडते. कोणाच्या निधनाची वार्ता आली, की आपल्याकडे प्रथम विचारतात, ‘कशाने गेले?’ आणि मग विचारतात, ‘मागे कोण आहे?’ पहिला प्रश्न क्विलरनचा आणि त्याच्या बोक्याचा. दुसरा शेजाऱ्याचा. दुसरा विचारल्यावाचून उठू नये, इतकेच आमचे म्हणणे.