न दिलेले घेणे : वाहनचोरीचा कायदा आणि अचौर्यव्रत

चोरीची व्याख्या जैन आचार्य उमास्वातींनी तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अगदी मोजक्या शब्दांत केली आहे : ‘अदत्तादान’, म्हणजे जे कोणी दिलेले नाही ते घेणे. याच अध्यायात गृहस्थाच्या अचौर्यव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रत उघडपणे न मोडताही त्याला लागणारे डाग, सांगितले आहेत. त्यांतला ‘तदाहृतादान’, म्हणजे चोरून आणलेली वस्तू घेणे, हा अतिचार वाहनचोरीच्या कायद्याचा विचार करताना डोळ्यांसमोर ठेवायला हवा, कारण गिऱ्हाईक नसेल तर विकण्यासाठी गाडी चोरण्यात चोराला काहीच हशील नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला ३ वर्षांपर्यंत, तर माल किंवा प्रवासी वाहून नेणाऱ्या वाहनाच्या चोरीला ७ वर्षांपर्यंत कैद आहे. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना बंधनकारक झालेल्या हाय सिक्युरिटी नंबर प्लेटवर अशोकचक्राचा होलोग्राम आणि लेसरने कोरलेला क्रमांक असतो, जेणेकरून चोरीची गाडी दुसऱ्याच नंबरावर सहजासहजी फिरू नये. चोरीचा माल घेणाऱ्यासाठीही याच संहितेत कलम ३१७ आहे. परंतु माल चोरीचा असल्याचे त्याला ठाऊक होते, किंवा तसे मानायला कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते.

ही अट रास्तच आहे, कारण फसवल्या गेलेल्या माणसाला तुरुंगात घालणे हा अन्याय ठरेल. जैन टीकाकारही ‘प्रमत्तयोग’, म्हणजे मनाची विकारवश, बेसावध अवस्था, असल्याशिवाय अदत्तादानाला चोरी म्हणत नाहीत. मात्र निम्म्या किमतीला मिळणारी स्कूटर, तिच्यावरचा घासलेला चेसिस नंबर आणि ‘आरसी बुक नंतर देतो’ असे सांगणारा विक्रेता समोर असताना जो मुद्दामच काही विचारत नाही, त्याचे अज्ञान त्याने स्वतःच राखलेले असते. न्यायालयात पुराव्याअभावी तो सुटू शकेल; व्रताच्या दृष्टीने त्याचे न विचारणे हाच प्रमाद आहे.

चोरलेली गाडी खोलून सुटे भाग विकले गेले, की कायद्याचा हात आणखी तोकडा पडतो. दुकानातल्या जुन्या आरशावर किंवा सीटवर नोंदणी क्रमांक नसतो. तो भाग कोणत्या गाडीचा, एवढे तरी दुकानदाराला विचारणे गिऱ्हाइकाच्याच हाती उरते.