भाडे आणि ऋण

पैसे देऊन घेतलेल्या आनंदाचे काही देणे शिल्लक राहते काय? व्यवहाराच्या दृष्टीने हा प्रश्नच चुकीचा आहे. दुकानदाराला किंमत दिली की वस्तू आपली झाली. मुक्कामाचे भाडे दिले की रात्र आपली झाली. हिशेब मिटला. परंतु काही जागा अशा असतात की भाडे चुकते केल्यावरही वहीत कुठेतरी बाकी राहिल्यासारखी वाटते. ती बाकी कसली आणि कुणाची, याचा विचार गेल्या उन्हाळ्यापासून माझ्या मनात घोळतो आहे.

अमेरिकेच्या उत्तर डाकोटा राज्यात मिसुरी नदीला हार्ट नावाची लहान नदी येऊन मिळते. त्या संगमापाशी, पश्चिम तीरावर, फोर्ट अब्राहम लिंकन नावाचे राज्य-उद्यान आहे. थिओडोर रूझवेल्ट अध्यक्ष असताना, १९०७ साली, ही जमीन राज्याच्या स्वाधीन झाली. मुलगा, सून आणि नऊ वर्षांची नात यांच्यासंगे मी तिथे दोन रात्री तंबूत राहिलो. उद्यान म्हटले की आपल्यापुढे कारंजे आणि बाकडी उभी राहतात. हे तसले नव्हे. मागे गवताच्या उघड्या टेकड्या, पुढे रुंद, शांत नदी आणि काठाने कॉटनवुडची थोराड झाडे. पिंपळासारखी त्यांची पाने लांब देठांची. वाऱ्याची नुसती चाहूल लागली तरी सळसळतात. जूनमध्ये तिथे रात्री साडेनऊपर्यंत उजेड रेंगाळतो. शेकोटीभोवती बसावे, कणसे भाजावी आणि बोलूही नये, असे ते ठिकाण आहे.

टेकडीच्या उतारावर मातीची गोल घरे आहेत. साधारण १५७५ पासून १७८१ पर्यंत तिथे मँडन लोकांचे नांदते गाव होते. मधोमध चार जाड खांब, त्यांवर तुळया, तुळयांवर फांद्या, मग गवत आणि वर मातीचा जाड थर. छताच्या मध्याला धूर जाण्यासाठी भोक आणि खाली चूल. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात गारवा. घर बाईच्या मालकीचे असे. मका, घेवडा, भोपळा आणि सूर्यफूल यांची शेती नदीकाठच्या गाळात बायकाच करीत. १७८१ साली देवीची साथ आली आणि गाव ओस पडले. १८०४ च्या ऑक्टोबरात लुईस आणि क्लार्क नदीमार्गे इथून गेले तेव्हा त्यांना पडक्या खुणाच दिसल्या. आजची घरे पुन्हा उभारलेली आहेत. हे काम प्रथम १९३० च्या दशकात, महामंदीतल्या बेकार तरुणांना काम देण्याच्या सरकारी योजनेतून झाले.

गावाच्या वर टेकडीवर १८७२ मध्ये लष्कराचा किल्ला झाला. १८७६ च्या १७ मे रोजी कस्टरचे घोडदळ इथूनच निघाले आणि २५ जूनला लिटल बिगहॉर्नच्या लढाईत त्याचा आणि त्याच्या तुकडीचा अंत झाला. १८९१ मध्ये किल्ला बंद पडला, आणि पुढे आसपासच्या लोकांनी त्याचे लाकूडसामानही काढून नेले. कस्टरचे घर १९८९ मध्ये पुन्हा बांधले. ज्यांचे उठले त्यांचेही घर आणि ज्यांनी उठवायला मदत केली त्यांचेही घर, दोन्ही एकाच तिकिटावर दाखवणारी जागा पाहून मन थोडे चमत्कारिक होते.

मातीच्या घरात उभी राहून नातीने विचारले, “आजोबा, हे लोक गेले कुठे?”

“बरेच आजारात गेले. उरले ते नदीच्या वरच्या अंगाला राहायला गेले.”

“मग आता ते इथे तंबू लावायला येतात का?”

तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या नदीतच होते. मँडन लोक नामशेष झाले नाहीत. १८३७ मध्ये देवीची दुसरी साथ आली आणि जेमतेम सव्वाशे माणसे उरली असे सांगतात. पण ती उरलेली माणसे हिदात्सा आणि अरिकारा या शेजाऱ्यांच्या साथीने जगली. फोर्ट बर्थोल्ड या राखीव प्रदेशात, नदीकाठच्या गाळातच, त्यांनी पुन्हा शेती केली, शाळा आणि दवाखाना उभा केला. मग पूर रोखण्यासाठी आणि विजेसाठी गॅरिसन धरण ठरले. १९४८ साली त्यांचे अध्यक्ष जॉर्ज जिलेट करारावरील सहीच्या वेळी चेहऱ्यावर हात ठेवून रडत उभे आहेत, असे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. १९५३ मध्ये नदी अडली आणि त्यांची सुमारे दीड लाख एकर जमीन पाण्याखाली गेली. ते धरण या उद्यानाच्या वर आहे. म्हणजे आमच्या तंबूपुढून संथपणे वाहणारे पाणी त्या बुडालेल्या शेतांवरूनच आले होते.

झाडांनाही ही गोष्ट ठाऊक आहे. कॉटनवुडचे बी पुराने टाकलेल्या ओल्या, उघड्या गाळात रुजते. पूर थांबले तशी काठावर नवी रोपे क्वचित उगवू लागली. जुनी झाडे सावली देतात. त्यांच्या खाली त्यांची पोरे नाहीत.

रात्री मी हे सारे सांगितले तेव्हा सून म्हणाली, “बाबा, असा हिशेब मांडला तर माणसाला जगात कुठेच अंथरूण टाकता येणार नाही. कुठली जमीन कुणाच्या ना कुणाच्या दुःखावर नाही?”

तिचे म्हणणे खोटे नव्हते. तरीही पटले नाही. सगळ्यांच्याच डोक्यावर कर्ज आहे म्हणून कुणीच फेडू नये, असे सावकाराला सांगून पाहावे! पण आनंद टाकून द्यावा, हेही मला मान्य नाही. मी कणीस खाल्ले नाही म्हणून कुणाचे शेत वर येणार नव्हते. आणि तिसरा मार्ग, शेकोटीपाशी बसून हळहळण्याचा, तो तर मला सर्वांत संशयास्पद वाटतो. गेलेल्यांसाठी सुस्कारा टाकणे फार गोड असते. त्यात संध्याकाळ अधिकच रम्य होते. अशी हळहळ हाही उपभोगच. शिवाय ती जिवंत माणसांना मेलेल्यांत जमा करते. मँडन भाषा लहानपणापासून अस्खलित बोलणारे शेवटचे गृहस्थ, एडविन बेन्सन, २०१६ मध्ये वारले. त्याआधी ते मुलांना ती शिकवीत होते. त्या लोकांचे आजही शासन आहे, शाळा आहेत, भांडणे आणि बेत आहेत. त्यांना आपल्या सुस्काऱ्याचा उपयोग काय?

हे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येईल. परंतु आम्हां पुणेकरांना तशी सोय नाही. पावसाळ्यात आम्ही मुळशीच्या तलावाकाठी भजी खायला जातो. नीळा आणि मुळा यांच्या संगमाजवळच्या त्या खोऱ्यातल्या मावळ्यांनी १९२१ मध्ये जमिनीसाठी सत्याग्रह केला. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते त्याच लढ्यात. धरण झालेच. भाताची खाचरे आणि घरे बुडाली, भिऱ्याला वीज झाली आणि मुंबईला उजेड मिळाला. ती वीज वाईट होती असे मी म्हणत नाही. दिवा लावणारा मीही आहे. पण विजेचे बिल भरणे हे भाडे झाले, ऋण निराळे. भाडे फेडले की नाते तुटते. ऋण मान्य केले की नाते सुरू होते.

हा भेद आपल्या सणाला कधीच कळलेला आहे. पाडव्याला आपण ज्या बळीची पूजा करतो, त्याची सारी भूमी तीन पावलांत गेली. मागणारा तर साक्षात देव. तरीही बळीचे राज्य पुन्हा येवो असे म्हणत घरोघरी ओवाळतात. जिंकणाऱ्याला नमस्कार करूनही हरलेल्याचा हक्क विसरायचा नाही, एवढे त्या एका वाक्यात आहे. आणि ते सुतकी चेहऱ्याने नव्हे, फराळाच्या ताटाशेजारी, नवे कपडे घालून म्हणायचे असते.

म्हणून मला वाटते, नदीकाठी तंबू जरूर लावावा, कणसेही भाजावी. फक्त मुलाने “हे लोक गेले कुठे?” असे विचारले तर “फार पूर्वीची गोष्ट” म्हणून त्याला गप्प करू नये. आणि उद्या आपल्या सोयीसाठी कुणा खोऱ्याकडे पुन्हा तीन पावले जमीन मागितली जाईल, तेव्हा पाऊल किती मोठे आहे हे आधी विचारावे, आणि त्या उत्तरापायी आपला दिवा थोडा महाग झाला तर कुरकुर करू नये. एवढे केले तर ऋण फिटेल असे नाही. पण ते नाकारले नाही, असे तरी म्हणता येईल.