ठळक शब्द

कोणताही शब्दकोश उघडा. मूळ शब्द ठळक, अर्थ साध्या टाइपात. ही सोय आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे, की ती कुणीतरी मुद्दाम घडवली असेल असं मनातही येत नाही.

1845 मध्ये लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत, म्हणजे टाइप ओतण्याच्या कारखान्यात, रॉबर्ट बेस्ली यांनी बेंजामिन फॉक्स या कारागिराकडून ‘क्लॅरेंडन’ हा टाइप कोरून घेतला. जाड दांड्यांचा, टोकांना भक्कम सेरिफच्या पट्ट्या असलेला आणि मजकुराच्या ओळीत सामावेल असा जरा अंग चोरलेला टाइप. शब्दकोशासारख्या मजकुरात साध्या ओळीत एखादाच शब्द उठून दिसावा, एवढंच त्याचं काम. इंग्लंडच्या नव्या कायद्याखाली त्याची नोंद झाली, तीन वर्षांचं संरक्षण मिळालं आणि ते संपताच इतर फाउंड्र्यांनी धडाधड नकला काढल्या. बेस्लींचं काही अडलं नाही म्हणा. पुढे ते लंडनचे लॉर्ड मेयर झाले.

नकला मात्र शब्दकोशात थांबल्या नाहीत. न्यूयॉर्कमध्ये डॅरियस वेल्स 1827 पासूनच यंत्रावर लाकडी टाइप कापत होते. शिशाचा मोठा खिळा जड आणि महाग. मेपलच्या लाकडाचा हलका आणि स्वस्त. सर्कस, नाटकं, लिलाव यांच्या जाहिरातींसाठी क्लॅरेंडनचे भाऊबंद लाकडात उतरले, उंच झाले, चिंचोळे झाले. गणित सरळ होतं. कागदाची रुंदी ठरलेली आणि लांबलचक नाव तर दुरून दिसायला हवं. मग अक्षरं उभी वाढवायची आणि आडवी आवळायची. ओळ या काठापासून त्या काठापर्यंत भरायची, म्हणून आखूड शब्दाला रुंद टाइप आणि लांब शब्दाला चिंचोळा. कोणता शब्द कसा दिसणार हे पुष्कळदा त्याच्या मोलापेक्षा लांबीवरच ठरे.

हे आवळणं म्हणजे नुसतं दाबणं नव्हे. संगणकावर अक्षर दोन्ही बाजूंनी दाबलं, की उभे दांडे बारीक होतात, आडव्या रेषा तेवढ्याच राहतात आणि अक्षर आजारी दिसू लागतं. जाणकार अक्षरकार दांड्याची जाडी राखतो, अक्षराच्या पोटातली मोकळी जागा कमी करतो आणि सगळं वळण नव्यानं काढतो. मला या टाइपाचं सौंदर्य तिथंच दिसतं: इतकी दाटी, तरीही दम कोंडलेला नाही.

आज हे जुन्या वळणाचे टाइप पुन्हा लोकप्रिय झाले आहेत. कॉफीच्या पाकिटावर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर दोन शब्द झकास दिसतात. त्यातच परिच्छेद जुळवला तर वाचणारा पळतो. आपल्या चौकातल्या फ्लेक्सवर तर शुभेच्छुकांच्या यादीतलं प्रत्येक नाव ठळक असतं, आणि म्हणूनच नजर एकाही नावावर ठरत नाही.

कार्यक्रमाचं निमंत्रण छापायला द्याल, तेव्हा ठळक करायचा शब्द आधी ठरवा. बाकीचे साधेच राहू द्या.